डावीकडचं वजन

“मग ती जखम काय आपोआप उगवली?” लेकीनं विचारलं.

“आपोआप म्हणून मी कुठं म्हटलं?” सून ओट्याशी पाठमोरी उभी होती आणि एकच पातेलं तिसऱ्यांदा पुसत होती. “लाल डाग पडलाय हे मी तुम्हाला फोनवर सांगितलं होतं, ताई. तुम्ही म्हणालात, बसून बसून पडतोच.”

“मी असं म्हणाले?”

“विचारा तुमच्या भावाला. शेजारीच बसले होते.”

भावानं पाण्याचा पेला तोंडाला लावला तो लावूनच ठेवला. तंत्रशाळेत तो सुतारकाम शिकवायचा. लाकडाबद्दल त्याची मतं ठाम असत. घरातल्या दोन बायकांच्या मधे सापडला की मात्र पेला, वर्तमानपत्र, चष्म्याची काच, जे हाताला लागेल त्याच्यामागे तो जाऊन बसायचा.

“आणि ती दिवसभराची बाई? दर अर्ध्या तासानं आईला उचलून परत टेकवायचं ठरलं होतं ना?”

“फ्रिजवर कागद लावलाय. प्रत्येक अर्ध्या तासाची खूण आहे त्याच्यावर.”

“खुणा काय, मीही करीन. आणि खुर्चीत घालायला मी आणलेली ती हवेची गादी? काल सिस्टरनी उचलली तर करकर वाजली. वरचं प्लास्टिकसुद्धा काढलं नाहीस, वहिनी.”

“तुम्हीच म्हणालात, चांगली आहे, जपून वापरा.”

“जपून म्हणजे गुंडाळून?”

पातेलं फळीवर जरा जोरात बसलं.

बाहेरच्या खोलीत चाकाच्या खुर्चीवर बसलेल्या काटेबाईंना हे शब्दन् शब्द ऐकू येत होतं. स्वयंपाकघराचं दार लोटलं की आईला ऐकू जात नाही, अशी मुलांची समजूत होती, आणि ती मोडायची काटेबाईंना काही गरज वाटली नव्हती. दाराला वीतभर फट होती. दाराच्या अलीकडे, बाहेरच्या खोलीतच ठेवलेल्या फ्रिजच्या कडेवरून त्यांना ओट्याचा अर्धा भाग, सुनेचा कोपर आणि टेबलावर ठेवलेली लेकीची पिशवी दिसत होती. पिशवीचं तोंड उघडं होतं. आतून एक गुळगुळीत पत्रक डोकावत होतं. त्याच्यावर बागेचं चित्र होतं, आणि बागेतल्या बाकावर दोन म्हाताऱ्या कुणीतरी विनोद सांगितल्यासारख्या हसत होत्या.

खालच्या मजल्यावरच्या आजोबांना वृद्धाश्रमात नेलं, त्याच्या आधी आठवडाभर त्यांच्याही टेबलावर असंच पत्रक पडलेलं होतं. त्याच्यावर तळं होतं, एवढाच फरक.

डॉक्टरांनी दहा दिवस दिले होते. दहा दिवसांत जखम मागे हटली नाही तर दवाखान्यात ठेवून ती कापून साफ करावी लागणार होती. तिथून काटेबाई घरी न येता परस्पर त्या बागेत जातील, असं त्यांच्यासमोर कुणी बोललं नव्हतं. म्हणूनच ते ठरलं असणार, अशी त्यांची खात्री होती.

काटेबाई हे नाव ट्रकवाल्यांनी पाडलेलं. गावाबाहेर मोठ्या रस्त्याला लागून ट्रक तोलायचा वजनकाटा होता. त्यांचा नवरा तिथे कामाला होता. तो अचानक गेला तेव्हा मालकानं त्याची जागा यांना दिली. सहा महिन्यांत कंटाळून सोडतील, असं त्याला वाटलं होतं. त्या एकतीस वर्षं राहिल्या. मालक गेला, मालकाचा मुलगा म्हातारा झाला, काट्याचा लोखंडी प्लॅटफॉर्म दोनदा बदलला, पण खिडकीतल्या स्टुलावर बाई तीच.

एकतीस वर्षांत त्यांनी काय काय पाहिलं नव्हतं. रिकामा ट्रक तोलताना टाकीत पाणी भरून आणणारे, भरलेला तोलताना ते वाटेत सोडून येणारे. सीटखाली दगड ठेवणारे. सगळ्यात जुनी युक्ती म्हणजे मागचं एक चाक हळूच प्लॅटफॉर्मच्या बाहेर ठेवायचं आणि चेहरा देवमाणसाचा करायचा. खिडकी काटेबाईंच्या डाव्या हाताला होती, जराशी मागे. स्टुलावरून डावीकडे कलंडून मान बाहेर काढली तरच मागचं चाक दिसायचं. दिवसातून साठ-सत्तर वेळा त्या कलंडायच्या. “चाक आत घे रे,” म्हणायच्या, आवाज न चढवता. ट्रकवाले आपसात म्हणत, बाईंना वजन नंतर कळतं, लबाडी आधी कळते.

एकदाच चुकल्या. लागोपाठ तीन दिवस प्रत्येक ट्रक कमी भरत होता, आणि काटेबाईंनी तीन दिवस प्रत्येकाला चोर ठरवलं. एक वयस्कर ड्रायव्हर तर जाताना डोळे पुसत गेला. चौथ्या दिवशी झाडताना दिसलं की प्लॅटफॉर्मच्या डाव्या कडेखाली अंड्याएवढा दगड अडकून बसलाय. काटेबाई बाहेर आल्या, रांगेत उभ्या असलेल्या सगळ्यांना म्हणाल्या, “खोट काट्यात होती. उद्यापासून सकाळी मी स्वतः खाली वाकून बघणार.” बाकी काही नाही. माफीबिफी नाही. पण पुढे रोज सकाळी साडेसातला त्या खाली वाकून बघत, निवृत्त होईपर्यंत.

निवृत्तीनंतर काही वर्षांनी जिन्यात पडल्या, खुबा मोडला. तो जोडला, पण पायांत जोर आला नाही. दीड वर्षापासून ही खुर्ची. खुर्ची लेकीच्या सासऱ्यांची होती, ते गेल्यावर तशीच पडून होती. “चांगली मजबूत आहे, आई, नवी कशाला?” म्हणून लेकीनं पाठवून दिली. सासरे आडव्या बांध्याचे होते. त्यामुळे ती खुर्ची स्वयंपाकघराच्या दारातून दोन बोटांनी जात नसे. घरातले सगळे आत टेबलाशी जेवत, आणि काटेबाई बाहेर खिडकीशी, मांडीवर ताट घेऊन.

तिथे बसून त्या घर तोलत.

सून सव्वादहापर्यंत ओट्याशी असायची आणि साडेदहाला कामावर निघायची. डोळ्यांच्या दवाखान्यात ती पेशंटची नावं लिहून घ्यायची आणि साडेतीनला परत यायची. गेल्या महिन्यात तिनं बाहेरच्या खोलीच्या खिडकीची मापं घेतली होती. पडद्यांसाठी, म्हणाली. ज्या खोलीत म्हातारी झोपते त्या खोलीला दीड वर्षात पडदे सुचले नाहीत, आणि आता सुचतात? काटेबाईंनी ते मनात टिपून ठेवलं.

दिवसभराची बाई सात महिन्यांपासून येत होती. ती इतकी आवाज न करता चालायची की काटेबाईंनी दुसऱ्याच दिवशी तिचं नाव ‘गुपचूप’ असं ठेवलं. पुढे घरात सगळेच तिला त्या नावानं हाक मारू लागले, आणि तीही ओ देऊ लागली. चांगल्या माणसाला पावलांचा आवाज लपवायचं कारण काय, असा काटेबाईंचा प्रश्न होता. त्या हलक्या पावलांत लपलेली काळजी कुणी त्यांना दाखवली असती तरी त्यांनी ती उलटून पालटून पाहिली असती.

आणि लेक. लेक दर आठवड्याला फोन करायची आणि प्रत्येक फोनमध्ये विचारायची, “तुझी हेळसांड तर होत नाही ना?” हेळसांड व्हावी म्हणजे बरं, असा त्या आवाजात एक बारीक सूर असायचा. आता हेळसांड सापडली होती. कोटाच्या मोठ्या बटणाएवढी.

दुसऱ्या दिवशी सकाळी सिस्टर ड्रेसिंगला आल्या. त्या एक दिवसाआड यायच्या, आणि त्यांना गप्पांना वेळ नसायचा. काटेबाई पलंगावर कुशीवर, लेक उशाशी, सून पायथ्याशी, गुपचूप दारात. जखम उघडल्यावर सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं आणि मग एकमेकींकडे.

“कुणामुळे झालं हे?” काटेबाईंनी भिंतीकडे तोंड करूनच विचारलं.

“कुणामुळे ते मला नाही माहीत, आजी. वजनामुळे झालं.”

“म्हणजे?”

सिस्टरनी हातमोजा घातलेलं बोट हवेतच फिरवून दाखवलं. “आपण बसतो ती दोन हाडं असतात, इथं एक आणि इथं एक. माणूस खुर्चीत घसरून बसत असेल तर जखम मधे होते, माकडहाडावर. तुमची तिथं नाही. उजवं हाडही चांगलं आहे, साधा डागसुद्धा नाही. फक्त डावं. दोन हाडांनी उचलायचं वजन एकटं उचलतंय. हाड आणि खुर्ची यांच्या मधल्या कातडीतून रक्तच फिरत नाही, मग ती मरते.”

“गादीवरचं प्लास्टिक,” लेक म्हणाली.

“त्यानं घाम धरला असेल. वाईटच. पण प्लास्टिक दोन्ही बाजूंना होतं ना?”

“उचलत नसतील वेळेवर,” लेक पुढे म्हणाली आणि दाराकडे पाहिलं.

“तेही असेल. पण उचललं नाही तर दोन्हीकडे दिसायला हवं.” सिस्टरनी पट्टी दाबून बसवली. “आणि ही खुर्ची कुणाची आहे? यात दोन आज्या बसतील. रुंद खुर्चीत माणूस कुठंही कलतं.”

लेकीनं उशीचा अभ्रा सारखा केला.

“पंधरा दिवस आडवं राहायचं,” सिस्टर निघताना म्हणाल्या. “उजव्या कुशीवर, मग थोडं पालथं. जेवायला तेवढं बसायचं.”

“ते जमायचं नाही,” काटेबाई म्हणाल्या.

पलंग खोलीच्या आतल्या कोपऱ्यात होता. तिथून फक्त कपाट दिसायचं. एकदा माणूस आडवं झालं की त्याच्याबद्दल जे काही ठरतं ते त्याच्या डोक्यावरून ठरतं, हे त्यांनी खालच्या आजोबांच्या बाबतीत पाहिलं होतं. सिस्टर जिना उतरल्या न उतरल्या तोच त्यांनी स्वतःला खुर्चीत बसवून घेतलं. सून काही बोलायला गेली, पण लेक तिथे असल्यामुळे गप्प बसली. बळजबरी केली असं व्हायला नको.

वजनामुळे. हा शब्द मात्र काटेबाईंच्या डोक्यात दिवसभर फिरत राहिला. एकतीस वर्षं ज्याच्यावर पोट भरलं, ती गोष्ट त्यांच्या बुडाखाली चालली होती आणि तिचा आकडा कुणाकडेच नव्हता.

दुपारी त्यांनी गुपचूपला फ्रिजवरचा कागद आणायला सांगितला.

“ह्या खुणा तू कधी केल्यास?”

“दर अर्ध्या तासानं, आजी.”

“दर अर्ध्या तासानं केलेली खूण वेगळी दिसते. एखादी घाईची, एखादी निवांत, एखाद्या वेळी पेन उमटत नाही. ह्या सगळ्या एका बैठकीतल्या आहेत. शेवटी शेवटी तर हात दुखलाय तुझा.”

गुपचूप खाली बघत उभी राहिली. “हात ओले असतात. म्हणून संध्याकाळी एकदम करते. पण उचलते.”

“किती वेळा?”

“तुम्ही उचलू देता तेवढ्या वेळा.”

“मी कधी अडवलं?”

“तुम्ही म्हणता, थांब जरा, आत्ता नको. रोज म्हणता.” तिनं पदराच्या टोकाला गाठ मारली, सोडली. “मी कुणाला सांगितलं नाही. सांगितलं तर म्हणतील, काम टाळते आणि वर आजींचं नाव घेते.”

काटेबाईंनी कागद घडी करून मांडीखाली सारला, मग आठवण होऊन काढला आणि बाजूच्या खिशात ठेवला. ही बाई खोटं बोलत होती किंवा खरं बोलत होती. दोन्हींचा पडताळा एकाच प्रकारे होणार होता.

संध्याकाळी मुलगा आला तसं त्यांनी त्याला कामाला लावलं. उभं राहून वजन करायचा चपटा काटा घरात एक होता. दुसरा शेजारणीकडून आला. ती वर्षभर बारीक होत होती आणि जिन्यात भेटेल त्याला आकडा सांगत होती. दोन्ही काट्यांवर काटेबाईंनी आधी साखरेची पाच किलोची न फोडलेली पिशवी ठेवून पाहिली. मग शिलाई मशीनचं डोकं.

“शेजारणीचा काटा दोन किलो कमी दाखवतो,” त्या म्हणाल्या. “म्हणून बारीक होतेय ती.”

सून हसली. लेकही हसली. दोघी एकाच वेळी हसल्या हे लक्षात आल्यावर दोघींनी आवरलं.

मुलानं तेवढी सुई मागून स्क्रू फिरवून जागेवर आणली. खुर्चीच्या मागच्या दोन मोठ्या चाकांखाली एकेक काटा, पुढच्या लहान चाकांखाली त्याच उंचीचे लाकडी ठोकळे. ठोकळ्यांना त्यानं खाच पाडली, चाकं हलू नयेत म्हणून. अशा कामात तो चौघांसमोर उभा राहून बोलू शकत होता. ब्रेक लावले, दोघींनी खुर्ची धरली, आणि त्यानं आईला उचलून बसवलं.

“डावीकडे बावीस,” त्यानं जमिनीवर ओणवं होऊन वाचलं. “उजवीकडे बावीस.”

लेकीनं आणि सुनेनंही वाकून आकडे पाहिले.

“बघा,” काटेबाई म्हणाल्या. “माझ्या बसण्यात काही नाही.”

“म्हणजे मग आमच्यातच खोट आहे,” सून म्हणाली. तिचा आवाज थकलेला होता. “बोला ना सरळ. दीड वर्ष रोज सकाळी अंघोळ घालते, पाठ बघते, आणि शेवटी मीच केली जखम.”

“वहिनी, तुला कुणी असं म्हटलंय का?”

“म्हणायचं काय राहिलंय, ताई? पिशवीतलं पत्रक मीही पाहिलंय.”

लेकीचा चेहरा उतरला. “ते नुसतं आणलंय. विचारून ठेवावं म्हणून. उद्या दवाखान्यातून सोडताना त्यांनी विचारलं की बघणारं कोण, तर तू नोकरी सोडणार आहेस? मी इथे येऊन राहणार आहे? कुणीतरी विचार करायला नको?”

सुनेनं खुर्चीवरचा हात काढून घेतला. मुलगा अजून जमिनीवरच होता.

काटेबाईंचं मात्र तिकडे लक्ष नव्हतं. त्या आपल्या दोन्ही हातांकडे बघत होत्या. हात खुर्चीच्या हातांवर सारखे ठेवलेले होते, पाठ ताठ, मान सरळ. अशी मान, असा चेहरा त्यांनी हजार वेळा पाहिला होता, वरच्या बाजूला, ट्रकच्या केबिनमध्ये. बाई बघतायत म्हटल्यावर प्रत्येक ड्रायव्हर असाच बसायचा.

“काटे राहू देत खाली,” त्या म्हणाल्या. “उद्या दिवसभर.”

सकाळी त्यांनी गुपचूपला जवळ बोलावलं. “तुझ्या पावलांचा आवाज येत नाही. आज त्याचा उपयोग कर. मनाला येईल तेव्हा मागून ये, खाली बस, दोन्ही आकडे वाच आणि तिथल्या तिथे लिही. हात ओले असले तर पुसून ये. मला सांगू नकोस, मी विचारलं तरी सांगू नकोस. आणि त्या वेळी घरात काय चाललंय तेही लिही.”

“काय चाललंय म्हणजे?”

“कोण कुठं आहे ते.”

गुपचूपनं मान डोलावली. बहुधा पहिल्यांदाच तिला घरात असं काम मिळालं होतं ज्याचं सोंग करण्यात काही अर्थ नव्हता.

दिवस रोजच्यासारखा गेला, म्हणजे निदान काटेबाईंना तसं वाटलं. सून कामावर गेली. लेक दुपारी स्वयंपाकघरात काहीतरी शोधत कपाटं उघडत राहिली, कुठलं तेल वापरतात, औषधं कुठं ठेवतात. साडेतीनला सून आली आणि आपल्या कपाटांतल्या बरण्या हललेल्या बघून तिनं त्या एकेक करून जागेवर ठेवल्या. बरण्याच बोलल्या. दोनदा काटेबाईंना मागे कुणी आहे असा भास झाला, पण वळून पाहिलं तर कुणी नव्हतं.

सहाला गुपचूपनं कागद त्यांच्या हातात दिला आणि चपला घालून दाराशी थांबली. अक्षर मोठं आणि वाकडं होतं. प्रत्येक ओळ वेगळी, एक ओळ ओल्या बोटानं फिसकटलेली. हा कागद खरा होता, हे काटेबाईंना आकडे वाचण्याआधीच कळलं.

आठ वाजता, वहिनी ओट्याशी: डावीकडे अठ्ठावीस, उजवीकडे सोळा. सव्वानऊला, वहिनी ओट्याशी, फोनवर हळू बोलतात: तीस, चौदा. पावणेअकराला, वहिनी कामावर, ताई अंघोळीला: बावीस, बावीस. बाराला, आत कुणी नाही: एकवीस, तेवीस. एक वाजता, ताई कपाटात शोधतात: एकतीस, तेरा. दोनला, ताई झोपल्या: बावीस, बावीस. पावणेचारला, वहिनी आणि ताई दोघी स्वयंपाकघरात, दार लोटलेलं: बत्तीस, बारा.

त्याच्याखाली एक ओळ होती, आधी खोडलेली आणि मग परत लिहिलेली. दोघी आत होत्या तेव्हा आजींना उचलू का विचारलं. थांब जरा म्हणाल्या.

काटेबाईंनी कागद दोनदा वाचला. मग खुर्चीत सरळ बसल्या आणि स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं. सरळ बसलं की समोर फ्रिज होता. पांढरा, दोन दारांचा, त्याच्यावर जुन्या खुणांच्या कागदाचा चिकटपट्टीचा तुकडा राहिलेला. बाकी काही दिसत नव्हतं. त्या हळूहळू डावीकडे झुकल्या. फ्रिजच्या कडेमागून आधी दाराची फट आली, मग टेबलाचा कोपरा, मग ओटा, मग सुनेचा कोपर. त्याच वेळी डाव्या मांडीखाली पट्टीच्या जागी काहीतरी आत दाबलं गेलं. दुखलं असंही नाही. वयाबरोबर ती जागा बोथट झाली होती. पण आता कुठं बघायचं ते माहीत होतं म्हणून कळलं.

दीड वर्ष. रोज पाच-सहा तास. एकीकडे झुकून.

“आजी, मी जाऊ?” दारातून गुपचूप म्हणाली.

“त्या एकच्या वेळचं,” काटेबाई म्हणाल्या, “ताई काय शोधत होत्या?”

“साखर.”

“पाच किलोची पिशवी माझ्या पलंगाखाली राहिली होती काल.”

“हो. मी दिली मग त्यांना.”

“जा तू. उद्या वेळेवर ये.”

जेवायच्या वेळी मुलगा नेहमीप्रमाणे ताट घेऊन बाहेर आला, तर आईनं ते घेतलं नाही. “दार पूर्ण उघड,” त्या म्हणाल्या. “आणि तो फ्रिज जरा सरकव. मला सगळे दिसायला हवेत.” त्यानं फ्रिज ढकलला. आत टेबलाशी लेक आणि सून समोरासमोर बसल्या होत्या, दोघींच्या मधे भाजीचं भांडं आणि तेवढंच अंतर. दोघींनी माना वळवल्या. सुनेनं घास खाली ठेवला. लेकीनं पिशवी पायाशी ओढून घेतली.

“काय झालं, आई?” लेक म्हणाली. “कळलं का कुणाचं चुकलं ते?”

“कळलं.”

“कुणाचं?”

काटेबाईंनी मुलाच्या हातात कागद दिला. “वाच. मोठ्यांदा वाच.”

त्यानं वाचला. फोनवर हळू बोलतात या ओळीशी तो अडखळला, पण आई बघत होती म्हणून तीही वाचली. एकच्या ओळीला लेकीचे कान लाल झाले. दोघी आत, दार लोटलेलं, बत्तीस, बारा, इथपर्यंत आल्यावर सुनेनं कपाळावर हात ठेवला, आणि तो हात तिथेच राहिला. तिचे खांदे हलत होते. ती हसत होती का रडत होती, हे काटेबाईंना बसल्या जागेवरून नीट दिसलं नाही, आणि बघायला त्या झुकल्या नाहीत.

“म्हणजे तू आमच्यावर...” मुलगा म्हणाला आणि थांबला.

“फोनवर मी सिस्टरांशी बोलत होते,” सून हळूच म्हणाली. “डॉक्टर आणखी आठ दिवस देतील का, ते विचारत होते.”

काटेबाईंनी ते ऐकलं. ते खरं धरायचं की खोटं, हे ठरवायला त्यांना नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ लागला. मग त्यांनी दोन्ही हात खुर्चीच्या हातांवर सारखे ठेवले.

“आता ऐका,” त्या म्हणाल्या. “आज जेवण झालं की मला पलंगावर घाला, उजव्या कुशीवर. पंधरा दिवस मी उठणार नाही, जेवण सोडून. गादीवरचं प्लास्टिक फेकून द्या. ही खुर्ची ताई परत नेईल, मला माझ्या मापाची हवी, दारातून जाणारी. स्वयंपाकघराचा उंबरा, तू सुतारकाम शिकवतोस ना, रविवारी काढून टाक. जखम भरली की मी स्वयंपाकघरात बसणार, टेबलाच्या त्या टोकाला, ओट्याकडे तोंड करून. मला बघायचंच आहे, तर समोरून बघीन. आणि ते बागेचं पत्रक ज्याचं असेल त्यानं आपल्या पिशवीतच ठेवावं, मी कुठंही जाणार नाही.”